आधी गच्ची मोजा, मग नोटा

प्रश्न : आमचं घर कोल्हापुरात कळंब्याकडं आहे, २२ वर्षांचं. मे महिन्यात दोघं जण मोटारसायकलवरून आले. 'पलीकडच्या गल्लीत वॉटरप्रूफिंगचं काम चालू आहे, माल उरलाय, कंपनीच्या निम्म्या दरात करून देतो,' म्हणाले. गच्चीवर हातोडी ठोकून दाखवली. खालच्या खोलीत भिंतीला कसलंसं मशीन लावलं, ते कुईंकुईं वाजायला लागलं. 'पावसाआधी केलं नाही तर स्लॅब खाली येणार,' म्हणाले. आमचे मालक शिरोलीत टर्नर होते, आता निवृत्त आहेत. कोथिंबिरीच्या पेंडीला घासाघीस करणारा माणूस, पण स्लॅबचं ऐकून घाबरले. ११५० चौरस फूट, ९५ रुपये दरानं १,०९,२५० रुपये ठरले. त्यातले ७०,००० आधीच दिले. २०,००० रोख, ५०,००० फोनवरून. दोन दिवस कामगार आले, पांढरा रंग मारल्यासारखं केलं आणि गेले. नंतर 'माल यायचाय' सुरू झालं. आता फोन उचलत नाहीत, मेसेजला कधीतरी 'येतो' म्हणतात. पहिल्या मोठ्या पावसात जिथं गळत नव्हतं तिथंही गळायला लागलं. गल्लीत आणखी एका घरी असंच झालंय. आता तिसराच एक माणूस येऊन म्हणतो, 'मी त्यांना ओळखतो, पैसे काढून देतो, गच्चीही नीट करतो, आधी पाच हजार द्या.' तालमीतली पोरं म्हणतात, 'काकू, फक्त पत्ता सांगा.' मालक विषय काढला की उठून जातात. पुण्यातल्या मुलाला अजून सांगितलेलं नाही. काय करू? गच्ची ३० बाय २४ आहे.
— नाव छापू नये, कळंबा

उत्तर :

ताई,

त्या तिसऱ्या माणसाला पाच हजार देऊ नका. बाकीचं पत्र सवडीनं वाचा, पण एवढं आजच ठरवून टाका. तुमचे पैसे अडकलेत हे त्याला कुणी सांगितलं, एवढंच त्याला विचारा. एकदा पैसे दिलेल्या घराची खबर फिरते आणि त्याच दारात 'पैसे काढून देणारा' उभा राहतो. कधी तो त्याच टोळीतला असतो, कधी नुसताच संधीसाधू. ज्याला खरंच पैसे काढून देता येतात, तो काढलेल्या पैशातून आपला वाटा मागेल. आधी मागणाऱ्याला तुमच्या पहिल्या पैशाशी काही देणंघेणं नाही. उद्या कुणी फोनवर 'रिफंड'साठी क्यूआर कोड पाठवला, तर तो स्कॅन करू नका. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. त्या वाटेनं चुकून पैसे गेलेच, तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा.

आता मालकांच्या हातात टेप द्या. मी हे उगाच म्हणत नाही. तुमच्या पत्रातच हिशेब आहे आणि तो लावणारा माणूस तुमच्या घरात आहे. ३० गुणिले २४ म्हणजे ७२०. कठड्याला आतून फूटभर उंचीपर्यंत कोट चढवतात. कठड्याचा घेर १०८ फूट, म्हणजे आणखी १०८ चौरस फूट. एकूण ८२८. त्यांनी लावले ११५०. त्यांचाच ९५ चा दर धरला, तरी काम ७८,६६० रुपयांचं होतं. हातोडी उचलायच्या आधीच ३०,५९० रुपये वाढवले होते. आयुष्यभर मायक्रोमीटर हातात धरलेल्या माणसानं गच्चीला टेप लावली नाही, कारण त्याला टेप आठवू नये एवढी भीती आधी घातली होती. हे त्यांना टोमणा म्हणून ऐकवू नका. उलट 'जरा मोजून द्या, तक्रारीत लिहायचंय' असं म्हणा. उठून जाणारा माणूस बसतो का बघा.

ती भीती कशी तयार केली, तेही समजून घ्या. स्लॅबवर बहुतेक जुन्या घरांत कोबा असतो, म्हणजे विटांचे तुकडे आणि चुना-सिमेंटचा थर. २२ वर्षांत तो कुठंतरी सुटतोच. सुटलेल्या जागी हातोडी मारली की ढप्प आवाज येतो. तो आवाज कोब्याचा असतो, स्लॅब त्याच्या खाली असतो. आणि ते कुईंकुईं मशीन ओल दाखवतं, ओल कुठून आली ते दाखवत नाही. बाथरूमच्या मागची भिंत असेल तर ते बाराही महिने वाजेल. भिंतीत मीठ फुटलेलं असेल तरी वाजेल.

खरा धोका खालून बघायचा असतो. छताचं काँक्रीट पापुद्र्यांनी सुटून गंजकी सळी दिसतेय का? सळीच्या रेषेत लांब चीर गेलीय, गंजाचे तांबूस ओघळ आलेत, की स्लॅब मधे झुकल्यासारखा वाटतोय? यातलं काही असेल तर आजच स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा आणि त्या खोलीत झोपू नका. पण मग कोट मारणाऱ्याचं तिथं कामच नाही, कारण सळी गंजलेल्या स्लॅबला वरून कितीही रंग फासला तरी फरक पडत नाही. यातलं काही नसेल, तर मे महिन्यात चार दिवस थांबून चौकशी केली असती म्हणून काही कोसळलं नसतं.

नव्या जागी गळती का लागली, हे इथं बसून नक्की सांगता येणार नाही. पण दोन गोष्टी आधी बघा. गच्चीचं पाणी बाहेर काढणारी भोकं त्यांच्या राड्यारोड्यानं बुजलीत का? आणि ठोकाठोकीत कोब्याला नव्या चिरा पडल्यात का? भोक बुजलं की पाणी साचतं, साचलं की मिळेल त्या वाटेनं उतरतं. अजून एक साधी परीक्षा आहे. पावसानं दोन-चार दिवस उघडीप दिली आणि तरी छत ठिबकतच राहिलं, तर दोष गच्चीचा नसून टाकीचा किंवा पाइपच्या जोडाचा असू शकतो. वॉटरप्रूफिंगच्या नावाखाली कितीतरी घरांत प्लंबरचं काम लपलेलं असतं, आणि कोट विकणारा ते कशाला सांगेल!

आता पैशाचं. १,०९,२५० पैकी ७०,००० म्हणजे रुपयातले दहा आणे आधीच गेले, आणि काम दोन आण्याचंही नाही. सगळी फसवणूक इथंच आहे. रंग पातळ होता, दर जास्त होता, हे सगळं नंतरचं. ज्याच्या खिशात कामापेक्षा जास्त पैसे आले, त्याला परत यायचं कारण उरत नाही. घराच्या कामात पैशानं कायम कामाच्या मागून चालायचं, पुढं धावायचं नाही.

वसुलीसाठी पहिलं काम भांडणाचं नाही, मेसेजचं आहे. तुम्ही म्हणता, पैसे घेतलेला माणूस कधीकधी 'येतो' असं उत्तर देतो. लई चांगलं. शिवीगाळ न करता, धमकी न देता त्याला लिहा : 'नमस्कार. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी अमुक तारखेला तुम्हाला २०,००० रुपये रोख आणि ५०,००० रुपये फोनवरून दिले. दोन दिवसांनंतर काम बंद आहे. उरलेलं काम करायला कधी येताय ते कळवा.' तो 'पुढच्या आठवड्यात येतो' म्हणाला, तर रोख वीस हजारांचा विषय त्याच्यासमोर आला आणि त्यानं तो नाकारला नाही, एवढं तरी लेखी उरतं. रोखीची दुसरी खूण तुमच्याकडं बहुधा नाही. नुसता स्क्रीनशॉट काढून थांबू नका, मूळ मेसेज पुसू नका, तो फोन सांभाळा.

पन्नास हजारांचा माग मात्र लागतो. फोनवरच्या व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक आणि समोर आलेलं खातेदाराचं नाव उतरवून घ्या. व्हिजिटिंग कार्डावर एक नाव आणि खात्यावर दुसरंच, असं असेल तर ते ठळक लिहून ठेवा. मोटारसायकलचा नंबर कुणाच्या कॅमेऱ्यात आलाय का, गल्लीत विचारा. रिकाम्या बादल्या गच्चीवर टाकून गेले असतील तर फेकू नका. त्यांच्यावरचं नाव, बॅच नंबर यांचे फोटो घ्या. सुटलेल्या कोटाचा एखादा पापुद्रा पिशवीत घालून ठेवा. आणि नव्यानं कुणालाही हात लावू द्यायच्या आधी एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडून पाहणी करून सही-शिक्क्याचा एक पानी अहवाल घ्या. त्याची फी जाईल, पण 'काम नीटच केलं होतं' म्हणणाऱ्याचं तोंड त्या कागदानं बंद होतं.

मग नोटीस. ठरलेलं काम, दिलेले पैसे, झालेलं काम, झालेलं नुकसान, आणि पंधरा दिवसांत पैसे परत करा, एवढंच साध्या मराठीत लिहून स्पीड पोस्टानं त्याच्या पत्त्यावर पाठवा. पाकीट 'असा पत्ता नाही' म्हणून परत आलं तर फोडू नका. तेही पुराव्यातच जातं.

इथून दोन रस्ते फुटतात. पत्ता खरा आहे, माणूस आहे, पण काम अर्धवट टाकलं, तर ही सेवेतली त्रुटी झाली आणि जागा ग्राहक आयोगाची. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. काही लोक तिथूनच वठणीवर येतात. नाही आले तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळं तो सांगलीचा निघो की सुरतेचा, यायचं त्यानंच कोल्हापूरला. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावायची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण म्हणून दिवाळी बघत बसू नका. तक्रार ई-जागृती या संकेतस्थळावर घरबसल्या भरता येते. तिथं कागद चढवणं मुलाला पुण्यातून जमेल. मुलाला का सांगायचं, याचं उत्तर यातच आलं. तो ओरडेल, दोन दिवस ओरडू द्या.

पत्ता खोटा, कंपनीचं नावच बनावट आणि एकाच गल्लीत दोन घरं, असं निघालं तर हा सुरुवातीपासून फसवायचा बेत होता. मग पोलीस ठाणं. पूर्वीच्या ४२० च्या जागी आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम आहे. 'हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा' असं कदाचित ऐकवतील. म्हणून एकट्या जाऊ नका. त्या दुसऱ्या घरच्यांना सोबत घ्या, दोघांचे अर्ज एकदम द्या, खोट्या पत्त्याचं परत आलेलं पाकीट पुढं ठेवा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठू नका. एका घराची गोष्ट व्यवहारातली कुरबूर वाटते, दोन घरांची तीच गोष्ट धंदा वाटायला लागते.

सत्तरच्या सत्तर परत येतील का? स्पष्ट सांगते, पत्ता खरा निघाला तर आशा धरा. खोटा निघाला तर पन्नास हजारांच्या खात्यामागं पोलीस लागू शकतात, रोख वीस हजार अवघड आहेत.

तालमीतल्या पोरांना मात्र पत्ता देऊ नका. त्यांची माया खरी आहे. २०१९ च्या महापुरात अशाच पोरांनी किती घरांतली म्हातारी माणसं बाहेर काढली, हे कोल्हापूरला कुणी सांगायला नको. पण त्या माणसाला कुणी गाठून दमदाटी केली, दोन फटके दिले, की तक्रारदार तो होतो आणि आरोपी तुमच्या गल्लीतली पोरं. ज्याच्यावर गुन्हा दाखल व्हायचा त्याला आपण फिर्यादी बनवून द्यायचं, यात काय मिळवलं? त्यांना एवढंच काम द्या की, आसपासच्या गल्ल्यांत आणखी कोण फसलंय ते शोधून काढा. पोरं ते चांगलं करतील.

मालकांबद्दल अजून थोडं. तुम्ही लिहिलंय की विषय काढला की उठून जातात. त्यांना सत्तर हजार गेल्याचं दुःख आहेच, पण शिरोलीत अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला कुणी दोन पोरांनी बनवलं, हे त्यांना जास्त लागलं असणार. घरात चूक कुणाची यावर पंचायत भरवू नका. हे लोक घर निवडतात तेच असं : गच्ची जुनी, मुलं परगावी, दुपारी घरात वयस्कर माणसं आणि दारात पावसाळा. आणि 'आजच ठरवा, उद्या दर वेगळा' हे वाक्य ठेवलेलंच असतं. त्या वाक्यावर 'मग उद्याच्याच दरानं घेऊ' असं म्हणून बघायचं. माणूस चिडतो की थांबतो, त्यावरून पुष्कळ कळतं.

पुढचं काम कुणाला द्यायचं? जो दारात आपणहून आला नाही, त्याला. गल्लीत ज्यांच्या गच्चीनं दोन पावसाळे कोरडे काढलेत, त्यांचा गवंडी किंवा कंत्राटदार विचारा, आणि त्या घरमालकाशी कंत्राटदार समोर नसताना बोला. तिघांकडून लेखी दर घ्या. त्यात चौरस फूट, मालाचं नाव, किती कोट, कोबा उकरणार की त्यावरच करणार, गच्चीचा ढाळ दुरुस्त करणार का, स्लॅब आणि कठडा मिळतात तिथं वाटा (कोपऱ्यात सिमेंटची गोलाई) मारणार का, हे सगळं लिहून मागा. वाट्याचं नाव काढल्यावर जो गडबडला, त्याला तुमची गच्ची देऊ नका. गळतीची सुरुवात बहुतेक वेळा त्याच कोपऱ्यात असते.

दहा वर्षांच्या गॅरंटीच्या सोनेरी कार्डावर भुलू नका. गॅरंटी मालाची की कामाची, आणि देणारा कोण, हे विचारा. कंपनीचा अधिकृत माणूस म्हणवतो, तर मालाच्या बादलीवर छापलेल्या ग्राहक क्रमांकावर फोन करून खात्री करा. कार्डावरचा नंबर नको, तो त्याच्याच मेव्हण्याचा असू शकतो. बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. नाव, पत्ता, नोंदणीची तारीख सगळं फुकट दिसतं. महाराष्ट्रातला क्रमांक २७ नं सुरू होतो. नोंदणी तीन महिन्यांपूर्वीची आणि गॅरंटी दहा वर्षांची असली तर काय ते समजून जा. एक मात्र लक्षात घ्या, वर्षाला वीस लाखांच्या आत सेवेचा धंदा करणाऱ्या छोट्या माणसाला सहसा जीएसटी नोंदणीची गरज नसते. त्यामुळं क्रमांक नाही म्हणून तो चोर ठरत नाही. खोटा क्रमांक छापणारा मात्र ठरतो.

प्रामाणिक गवंड्यालाही हातात थोडे पैसे लागतात. त्याच्याकडं भांडवल नसतं, आठवड्याची मजुरी त्याला चुकवायची असते. म्हणून 'एक रुपया आधी देणार नाही' असा हेका धरू नका, चांगला माणूस निघून जाईल. इसार द्यायचा तो मालाच्या रूपात द्या. यादी त्याच्याकडून घ्या, माल ओळखीच्या हार्डवेअर दुकानातून स्वतः आणा, बिल मालकांच्या नावावर. बादल्या सीलबंद याव्यात, तुमच्या डोळ्यांदेखत फुटाव्यात, आणि रिकाम्या झालेल्या हिशेब होईपर्यंत जिन्याखाली राहाव्यात. पाणी घालून पातळ केलेला माल डोळ्यांना दिसत नाही, पण बारा बादल्या लागायच्या तिथं सहा रिकाम्या दिसल्या की मोजता येतं. मजुरी झालेल्या कामापुरती, आठवड्याला. शेवटचा पाव हिस्सा पाण्याच्या परीक्षेनंतर. भोकं बंद करून गच्चीवर दोन-तीन इंच पाणी ४८ तास साठवायचं, कठड्यावर पेन्सिलीनं पातळीची खूण करायची आणि खाली छत बघत राहायचं. ही परीक्षा द्यायला जो तयार नाही, त्याच्याशी बोलणी तिथंच संपवा. ठरलेलं सगळं साध्या कागदावर, दोघांच्या सह्यांनी.

जाता जाता, गच्चीच मोकळी दिसली की सोलरवालेही येतात. पीएम सूर्यघर योजना खरी आहे, तीन किलोवॅटपर्यंत अनुदान जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतं. पण ते संयंत्र बसून तपासणी झाल्यावर थेट तुमच्या बँक खात्यात येतं. 'अनुदान मंजूर करायला आधी इतके भरा' असं म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार.

आणि आत्ताच्या पावसाचं काय? काही करू नका, म्हणजे पक्कं काही करू नका. ओल्या गच्चीवर मारलेला कोट धरत नाही. निचऱ्याची भोकं मोकळी करा, गळतीच्या वरच्या भागावर चांगली जाड ताडपत्री उताराच्या दिशेनं अंथरा, कडा विटांनी दाबा, आणि ठिबकतंय त्या खोलीतला पंखा-दिव्याचा मेन स्विच बंद ठेवून वायरमनला दाखवून घ्या. मालकांना वर एकटं चढू देऊ नका, शेवाळ धरलेलं असतं. दसऱ्यानंतर ऊन पडून गच्ची नीट वाळली, की मग कामाला माणूस बोलवा. तोवर 'आमचं केमिकल पावसातही चालतं' म्हणत कुणी आलं, तर त्याला गेटवरूनच परत पाठवा.